सॉफ्टवेअर घेण्याआधी काकांशेजारी खुर्ची टाकून बसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावची विनाअनुदानित शाळा, बालवाडी ते सातवी. शिक्षक, शिपाई, मावशी, बसचालक सगळे धरून २३ माणसे. २००७ साली शाळा निघाली तेव्हापासून पगार लाल बाइंडिंगच्या रजिस्टरवर होतो आणि ते रजिस्टर लिहिणारे क्लार्ककाका येत्या मे अखेरीस निवृत्त होणार आहेत. सचिव म्हणाले, "आता सगळं कॉम्प्युटरवर करून टाका." तुम्ही गणित शिकवता आणि तुम्हाला कॉम्प्युटर येतो, एवढ्या गुन्ह्यावरून हे काम तुमच्या गळ्यात पडले आहे. तुम्ही विचारले आहे की कोणते सॉफ्टवेअर घ्यावे.

त्या प्रश्नाचे उत्तर देतोच, पण ते शेवटी. गेली पंचवीसेक वर्षे मी शाळांचे पगार आणि हिशेब बघतो आहे. पंधरा-वीस छोट्या शाळांचे रजिस्टर बंद करून पगार संगणकावर नेण्याचे काम मी स्वतः केले आहे. त्यातली दोनच कामे साफ फसली आणि दोन्हीकडे सॉफ्टवेअर चांगले होते. फसली ती एकाच कारणाने: पगार रजिस्टरमध्ये आहे असे आम्ही धरून चाललो. पगार रजिस्टरमध्ये नसतो. रजिस्टरमध्ये फक्त उत्तर असते, रीत काकांच्या डोक्यात असते. तेव्हा तुमच्या हातात खरा प्रश्न असा आहे की मे अखेरीस जे डोके शाळेतून जाणार आहे, त्यातले त्याआधी कागदावर कसे उतरवायचे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमची शाळा अनुदानित असती तर हा प्रश्नच वेगळा झाला असता. तिथे पगार शासनाकडून येतो, देयक शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीत तयार होऊन शिक्षण खात्याच्या वेतन पथकाकडे जाते आणि शाळेच्या हातात माहिती बरोबर भरणे एवढेच उरते. विनाअनुदानित शाळेत पगार ठरवणे, कापणे, भरणे आणि त्याचा जाब देणे हे सगळे संस्थेवर. दुसरे म्हणजे संस्थेच्या आणखी शाखा आहेत का? भविष्य निर्वाह निधीसाठी (पीएफ) २० माणसांची मर्यादा मोजताना एका संस्थेच्या शाखा एकत्र धरल्या जातात आणि तासिका तत्त्वावरचे चित्रकलेचे सरही त्यात मोजले जातात. तुमची २३ आहेत म्हणजे पीएफ आहेच. उद्या १८ झाली तरी तो सुटत नाही, एकदा लागला की लागला. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, तुमच्या तालुक्यात शाळांना लागू आहे का, हे तुमच्या सीएंकडून लेखी विचारून घ्या. असेल तर २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचे ०.७५ टक्के त्यांच्याकडून आणि ३.२५ टक्के संस्थेकडून.

आता काका. डिसेंबर चालू आहे. या महिन्याचा पगार काका रजिस्टरवर काढतील तेव्हा त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. वही घ्या, लॅपटॉप नको. लॅपटॉप उघडला की काकांना वाटते आपली परीक्षा चालली आहे, आणि मग ते नियम सांगतात, सवय सांगत नाहीत. आपल्याला सवय हवी आहे. प्रत्येक नावापाशी एकच प्रश्न विचारायचा: "काका, हा आकडा कसा आला?" तेवीस वेळा विचारायचा. पहिल्या पाच नावांना ते म्हणतील, "गेल्या महिन्यासारखाच." सहाव्याला म्हणतील, "यांचं जरा वेगळं आहे." तिथून खरे काम सुरू होते.

बिनपगारी रजेचेच घ्या. समजा एका बाईंचा पगार १८,६०० रुपये आहे आणि ३१ दिवसांच्या महिन्यात त्या दोन दिवस बिनपगारी होत्या. किती कापायचे? ३० दिवसांनी भागले तर १,२४० रुपये. प्रत्यक्ष ३१ दिवसांनी भागले तर १,२००. कामाचे २६ दिवस धरले तर १,४३०.७७. मी तिन्ही पद्धती पाहिल्या आहेत. एका शाळेत तर एकाच रजिस्टरमध्ये तिन्ही होत्या, कारण मधल्या काळात दोन मुख्याध्यापक बदलले आणि प्रत्येकाने आपल्या आधीच्या शाळेची रीत आणली. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक छोटी चौकट असते: ३०, प्रत्यक्ष दिवस की २६. ती चौकट भरताना विकणाऱ्या कंपनीचा मुलगा "सर, बहुतेक लोक ३० ठेवतात" म्हणतो आणि तुम्ही मान डोलावता. तेवढ्यावर तुमच्या शाळेचा नियम बदललेला असतो आणि कोणाला कळलेलेही नसते. महिनाभराने बाई पगारपत्रक घेऊन येतात तेव्हा कळते.

शनिवार आणि सोमवार रजा असेल तर मधला रविवार धरायचा का? उशिराचे तीन लाल शेरे म्हणजे अर्धी किरकोळ रजा, हा नियम खरेच वापरात आहे की नुसता फळ्यावर लिहिलेला आहे? ११ महिन्यांच्या ऑर्डरवरच्या शिक्षिकांना मे महिन्याचा पगार मिळतो का, आणि मिळत नसेल तर जूनमध्ये त्या नव्याने नेमल्या जातात की जुन्याच नोकरीत पुढे चालू राहतात? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर पुढे ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, वर्षे अवलंबून असतात. दिवाळीची उचल किती हप्त्यांत फेडायची आणि मध्येच कोणी नोकरी सोडली तर? पतसंस्थेचा हप्ता आधी कापायचा की उचल आधी, म्हणजे पगार अपुरा पडला तर कोणाचे थांबवायचे? महिन्याच्या मध्यात पगारवाढ झाली तर फरक त्याच महिन्यात की पुढच्या? काकांकडे या प्रत्येकाचे उत्तर आहे. फक्त ते त्यांना कोणी कधी विचारलेले नाही.

अशा दोन बैठकांत साधारण तीन-चार पानांचे टिपण तयार होते. ते स्वच्छ लिहून काढा आणि "पगाराचे नियम" असे नाव देऊन संस्थेच्या सभेत मंजूर करून घ्या. ठराव क्रमांकासकट. हे मी हट्टाने सांगतो, कारण तुम्ही या शाळेत शिक्षक आहात. उद्या एखाद्या सहकाऱ्याचे चारशे रुपये कमी आले तर ते तुम्ही कापले असे व्हायला नको. आणि ही माणसे रोज तुमच्याबरोबर स्टाफरूममध्ये डबा खातात, हेही ध्यानात असू द्या. टिपणात विसंगती सापडतील, दोघांना दोन नियम लावलेले दिसतील. त्यांचा निकाल तुम्ही लावायचा नाही. समोरासमोर मांडायचे आणि संस्थेला ठरवू द्यायचे.

इथे एक अवघड गोष्ट बोलून टाकतो. काही विनाअनुदानित शाळांत रजिस्टरवर एक आकडा असतो आणि हातात दुसरा. सही मोठ्या आकड्यावर, पाकिटात रक्कम कमी, किंवा खात्यात पूर्ण जमा होते आणि त्यातले काही रोखीने परत मागितले जाते. तुमच्या शाळेत असे आहे असे मी म्हणत नाही. पण बसल्या बैठकीत तसे काही निघाले तर तिथेच थांबा. हे काम घेऊ नका. संगणकावर ते आणखी ठळक दिसते आणि भरणाऱ्याचे नाव तुमचे असते. मी अशी दोन कामे परत केली आहेत. त्यातल्या एका सचिवांनी मला नंतर वर्षभर ओळख दाखवली नाही. असो.

आता कपाती. रजिस्टर वर्षानुवर्षे मागच्या महिन्यावरून उतरवले जाते, म्हणून कायदा बदलला तरी आकडा बदलत नाही. याचा सगळ्यात सोपा नमुना म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. पुरुषांना ७,५०० पर्यंत नाही, १०,००० पर्यंत १७५ रुपये, त्यापुढे २००, आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. एका शाळेत मी २०२४ च्या शेवटी गेलो तेव्हा १४ शिक्षिकांचे २०० रुपये दरमहा कापले जात होते. पगार सगळ्यांचे १२ ते १८ हजार. वर्षाला माणशी अडीच हजार, म्हणजे १४ जणींचे ३५,००० रुपये. कोणाचा हेतू वाईट नव्हता. क्लार्क मागचे पान बघून पुढचे लिहीत होते, एवढेच. तुमच्याकडे निम्म्याहून जास्त शिक्षिका असणार, तेव्हा हा स्तंभ आधी तपासा. चूक सापडली तर दोन गोष्टी बघायच्या: कापलेली रक्कम शासनाकडे भरली गेली की संस्थेच्या खात्यातच राहिली, आणि ती परत कशी द्यायची. दोन्ही बाबतींत सीएंचे मत घ्या. पण सापडलेली चूक "आता नव्या सिस्टीममध्ये बरोबर होईल" म्हणून गिळू नका. त्या बाईंना पगारपत्रक पहिल्यांदाच हातात मिळणार आहे आणि त्या वाचणार आहेत.

पीएफकडे जरा जास्त वेळ द्या. कर्मचाऱ्याचे १२ टक्के, संस्थेचे १२ टक्के. संस्थेच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, तेही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये. उरलेले कर्मचाऱ्याच्या निधीत. पण ५८ वर्षे पूर्ण झाली की पेन्शनचा वाटा थांबतो आणि संस्थेचे सगळे १२ टक्के निधीत जातात. तुमच्याकडे ५९ वर्षांचे शिपाईमामा असतील तर त्यांच्या नावापुढे अजूनही पेन्शनचा आकडा चालू आहे का, ते बघा. रजिस्टरला कोणाचे वय माहीत नसते, त्यामुळे ही चूक मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाहिली आहे. आणखी एक बारीक भानगड पूर्णांकाची. पीएफमध्ये जवळच्या रुपयावर आणतात, ईएसआयमध्ये पैसे आले की वरच्या रुपयावर नेतात. एक्सेलमध्ये दशांश लपवले की पडद्यावर पूर्ण रुपया दिसतो, आत मात्र पैसे तसेच असतात आणि खालच्या बेरजेत एक-दोन रुपयांचा फरक पडतो. तो फरक शोधण्यात एक रविवार जातो. पूर्णांक करण्याचे सूत्र प्रत्येक चौकटीत घाला, नुसते दशांश लपवू नका.

याच टप्प्यावर कोणीतरी सुचवेल की नवीन सुरुवात करतोच आहोत तर मूळ पगार कमी दाखवून बाकीचे "विशेष भत्ता" म्हणून दाखवा, पीएफ वाचेल. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१९ च्या ज्या निकालाने ही वाट बरीचशी बंद झाली, त्यातल्या पक्षकारांत पश्चिम बंगालमधली विवेकानंद विद्यामंदिर ही विनाअनुदानित शाळाच होती. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा पीएफसाठी वेतनातच धरायचा, असे न्यायालयाने सांगितले. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतली वेतनाची व्याख्या अशी की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मोजायचा. तेव्हा स्तंभांची कारागिरी करत बसू नका. २३ माणसांच्या शाळेत मूळ पगार, असलाच तर महागाई भत्ता आणि घरभाडे, आणि एखाददुसरा खरोखरचा वेगळा भत्ता, एवढे पुरते. आयकराची चिंता छोट्या शाळेत फारशी नसते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर बसत नाही आणि तुमच्याकडे तेवढा पगार कोणाला नसावा.

मग माहिती गोळा करणे. कंटाळवाणे काम आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नावापासून सुरुवात. आपल्याकडे शिक्षिकेचे नाव नेमणूक आदेशावर माहेरचे, बँकेत सासरचे, आधारवर नवऱ्याचे नाव मध्ये घातलेले आणि पॅनवर वडिलांचे, असे चार ठिकाणी चार प्रकारे असते. काकांना ती एकच व्यक्ती आहे हे ठाऊक असते. पीएफच्या पोर्टलला ठाऊक नसते, आणि यूएएनला, म्हणजे प्रत्येकाच्या पीएफच्या कायम क्रमांकाला, आधार नीट जोडलेला नसला की भरणा अडतो. म्हणून प्रत्येकाकडून आधार, पॅन आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स घ्या, तिन्ही शेजारी ठेवून टिक करा. आधीच्या शाळेतला यूएएन आहे का, हे आवर्जून विचारा. नाहीतर एका माणसाचे दोन यूएएन होतात आणि ते एकत्र करताना त्याचा जीव मेटाकुटीला येतो.

खाते क्रमांकांची माझी स्वतःची फजिती सांगतो. एका शाळेत मी सगळे क्रमांक एक्सेलमध्ये टाइप केले. त्यात काही १६ आकडी होते. एक्सेल संख्येचे पहिले १५ आकडेच जपते, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवते. आणि सुरुवातीला शून्य असलेला क्रमांक असेल तर ते शून्यच खाऊन टाकते. मी ते तपासले नाही. पगाराच्या दिवशी तिघींचे पैसे परत आले आणि मी तीन घरी फोन करून माफी मागितली. नशीब इतकेच की ते चुकीचे क्रमांक कोणाचे नव्हते, कारण एनईएफटीत पैसे क्रमांक बघून जमा होतात, नाव बघून नाही. तेव्हापासून माझी रीत ठरलेली: क्रमांक टाइप करण्याआधी तो स्तंभ मजकूर म्हणून ठरवून घ्यायचा, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने बघायचे, आणि पहिल्या पगाराआधी प्रत्येक खात्यात एक-एक रुपया पाठवून ज्याला मिळाला त्याची सही घ्यायची. २३ रुपयांत झोप शांत लागते. आयएफएससी कोडही पासबुकावरून न घेता आजचा घ्या. देना आणि विजया बँका २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत गेल्या, पण त्यांची जुनी पासबुके लोकांनी कपाटात जपून ठेवली आहेत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. २३ माणसांसाठी माझे मत असे: तुमच्या संस्थेचे हिशेब टॅलीत लिहिले जात असतील तर त्यातलाच पगाराचा भाग वापरा, वेगळे काही घेऊ नका. नसतील तर पहिले सहा महिने नीट बांधलेली एक्सेल फाइल पुरते. शाळा व्यवस्थापनाची जी मोठी सॉफ्टवेअर विकली जातात, फी, निकाल, बस, हजेरी सगळे एकत्र असलेली, त्यांतला पगाराचा भाग मला बहुतेक वेळा लंगडा वाटला आहे, कारण तो नंतर चिकटवलेला असतो. तरी घ्यायचेच झाले तर विक्रेत्याला दाखवायला सांगा, सांगायला नको: स्त्री-पुरुष व्यवसाय कर वेगळा काढून दाखव. फेब्रुवारीचे ३०० दाखव. मागच्या तीन महिन्यांचा फरक दाखव. पीएफच्या पोर्टलवर चढवायची मजकूर फाइल काढून दाखव, ती ज्यात दोन आकड्यांमध्ये ती विचित्र चिन्हे असतात. महिना बंद केल्यावर जुना आकडा कोणी बदलू शकतो का ते दाखव. आणि आम्ही उद्या तुला सोडले तर आमची सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखव. या शेवटच्या मागणीला जो "ते हेड ऑफिसला विचारून सांगतो" म्हणेल, त्याला चहा पाजून निरोप द्या.

पुढे दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याचा काळ. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे तीन महिने. काका रजिस्टर लिहितील, तुम्ही संगणकावर काढाल, एकमेकांचे न बघता. पगार द्यायचा तो रजिस्टरप्रमाणेच. मग दोन्ही शेजारी ठेवून प्रत्येक नावाचा निव्वळ आकडा जुळवायचा, अगदी रुपयापर्यंत. बरेच लोक फेब्रुवारी टाळतात, कारण व्यवसाय कराचा आकडा बदलतो आणि गोंधळ होतो. मी मुद्दाम तोच महिना घेतो. साध्या महिन्यात सगळेच बरोबर येते, त्यातून काही कळत नाही. एप्रिलपासून नवे आर्थिक वर्ष, तेव्हा एप्रिलचा पगार संगणकावरून खराखुरा करा. एप्रिल आणि मे असे दोन महिने काका शाळेत आहेत, अडले तर विचारता येते. जूनच्या नव्या नेमणुका आणि प्रवेशांच्या गर्दीत ही सुरुवात केलीत तर पस्तावाल.

या तीन महिन्यांत जे जुळत नाही त्यावर खूश व्हा, ते सोने असते. एका शाळेत सगळ्यांच्या पगारात बरोबर ५० रुपयांचा फरक येत होता. रजिस्टरमध्ये "इतर" नावाचा बारीक स्तंभ होता. विचारले तर क्लार्कबाई म्हणाल्या, "ते मामांच्या ऑपरेशनचे." कधीचे ऑपरेशन? आठ वर्षांपूर्वीचे. सगळ्यांनी मिळून मदत म्हणून कपात सुरू केली, मामा बरे झाले, निवृत्तही झाले, कपात बंद करा असे कोणी म्हटलेच नाही. पैसे एका वेगळ्या पासबुकात तसेच्या तसे जमा होते, एक रुपया हललेला नव्हता. सॉफ्टवेअरच्या माणसाने तो स्तंभ "इतर कपात" म्हणून तसाच नव्यात घेतला असता आणि ती कपात आणखी आठ वर्षे चालली असती.

बँकेचे काम सचिवांशी आधीच बोलून ठेवा. आतापर्यंत एक चेक आणि यादी घेऊन शिपाई बँकेत जात असेल. आता एकाने यादी चढवायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, अशी दोन वेगळी लॉगिन घ्या. मंजुरीचा ओटीपी ज्याच्या मोबाइलवर येतो त्यानेच तो टाकायचा. "मी पुण्याला आहे, ओटीपी सांगतो, तूच टाक," असे एकदा झाले की पुढे दरमहा तसेच होते, आणि मग दोन लॉगिनना काही अर्थ राहत नाही. पगाराची यादी व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. स्टाफच्या ग्रुपवर चुकून सगळ्यांचे पगार पडलेली शाळा मी पाहिली आहे. तिथे नंतर दोन महिने कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. पगारपत्रक ज्याचे त्याला द्या, आणि पगाराची फाइल मुलांच्या संगणक कक्षातल्या मशीनवर ठेवू नका.

कागद पूर्ण जाणार नाही, घालवूही नका. दरमहा अंतिम पत्रक छापून मुख्याध्यापक आणि सचिवांच्या सह्या घेऊन फाइल करा. जुनी रजिस्टरे तर अजिबात रद्दीत देऊ नका. सगळी पाने टाइप करत बसण्याचीही गरज नाही. नव्या व्यवस्थेत फक्त सुरुवातीच्या शिल्लक घ्या: कोणाची किती उचल बाकी, किती रजा शिल्लक, पतसंस्थेचे किती हप्ते उरले. बाकी पानांचे फोटो काढून वर्षावार ठेवा. मूळ बाड कपाटात राहू दे, कारण एक दिवस कोणीतरी नेमणुकीची तारीख विचारणार आहे.

तो दिवस तुमच्याकडे मे महिन्यातच येईल. काका १९ वर्षे झाली म्हणता, म्हणजे त्यांची ग्रॅच्युइटी देय आहे. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात शिक्षकांचा समावेश २००९ च्या दुरुस्तीने झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शिक्षकेतरांचा प्रश्न तर त्याच्याही आधी मिटला होता. हिशेब सोपा आहे: शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. समजा शेवटचा पगार २२,१०० असेल तर वर्षाला १२,७५० आणि १९ वर्षांचे २,४२,२५० रुपये. संस्थेने यासाठी आजवर काही बाजूला ठेवले नसेल तर सचिवांना हा आकडा मार्चमध्ये नव्हे, आत्ताच कळू द्या. आणि काकांकडे बसाल तेव्हा तेवीस नावांतले त्यांचे स्वतःचे नाव आधी घ्या. सगळ्यांचे सेवापुस्तक लिहिणाऱ्या माणसाचा स्वतःचा नेमणूक आदेश फाइलमध्ये सापडत नाही, हे मी तीन शाळांत पाहिले आहे.